बाहेर येताना

सरांना कुणाच्याही घरून निघता येत नसे.

यायचे मात्र वाऱ्यासारखे. बेलचा आवाज विरायच्या आत बूट काढलेले असायचे, टोपी खिशात कोंबलेली असायची आणि "जय भीम ताई, काय बनवून राहिले आज?" असं विचारत स्वारी थेट किचनमध्ये. जेवणही भराभर. पण एकदा "चला, निघतो" म्हणाले की त्यांची खरी भेट सुरू व्हायची. पार्का, मफलर, बूट असा सगळा जामानिमा करून ते आमच्या अर्धवट उघड्या दाराशी उभे राहायचे आणि जेवताना न दिसलेल्या गोष्टी त्यांना तिथून एकेक दिसायला लागायच्या. भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो. मुलीच्या सायन्स प्रोजेक्टचा पुठ्ठा. माझे सुजलेले डोळे. "काहून ताई, झोप नाही झाली?" ते पार्क्यात घामाघूम, आम्ही दारातून येणाऱ्या वाऱ्यानं कुडकुडत, आणि नवरा माझ्याकडं बघून हळूच भुवई उडवायचा. आमचं लंडन म्हणजे ओंटारियोतलं. इथल्या जानेवारीत दार उघडं ठेवून गप्पा मारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सर मूळचे नागपूरचे. आमच्या क्लिनिकमध्ये ते पोटविकारांचे डॉक्टर आणि मी नर्स. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ताई केलं. मी नाशिकची. एवढ्या लांब येऊन एकाच खोलीत मराठी बोलणारी दोन माणसं सापडावीत याचं त्यांना इथं होते तोवर अप्रूप होतं. आता ते दूर लव्हाल शहरात मुलाकडं असतात. फोन करतात, आणि फोन ठेवायलाही त्यांना तेवढाच वेळ लागतो.

दर एप्रिलमध्ये आमच्या असोसिएशनतर्फे भीमजयंती व्हायची. कम्युनिटी हॉल, निळे झेंडे, मुलांची भाषणं, वांग्याची भाजी आणि भात. त्यात आभारप्रदर्शन सरांकडं. ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनी ते घेतलेलं होतं. वक्त्यांचे आभार कुणीही मानेल. सर खुर्च्या उचलणाऱ्यांचे, भाषणात अडखळलेल्या मुलाचे, मागच्या ओळीत बाळाला थोपटत उभ्या राहिलेल्या बाईचे आभार मानायचे. लोक जॅकेटं चढवून, गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभे. "सर, पार्किंग संपतंय," असं कुणीतरी ओरडायचं. सर हसायचे आणि आणखी कुणालातरी शोधून काढायचे. ती बाळवाली बाई दुसऱ्या वर्षी आली तेव्हा पहिल्या ओळीत बसली, एवढं मात्र मला आठवतं.

गाडीचंही तेच. एकदा विंडसरला कार्यक्रम होता म्हणून आम्ही त्यांच्या गाडीतून गेलो. जाताना हायवेनं अशी पळवली की माझा नवरा दोन्ही हातांनी सीट धरून बसला. येताना मात्र त्यांनी हायवे सोडला. मक्याच्या रिकाम्या शेतांमधून, एकेका चर्चच्या आणि एकेका पेट्रोल पंपाच्या गावांमधून आम्ही संथ वाहत राहिलो. धुकं उतरलेलं होतं. शेतात एक जुना ट्रॅक्टर गंजत उभा होता, तो बघायला सरांनी गाडी थांबवली. नुसती थांबवली आणि काच खाली केली. मला वाटतं माझा नवरा त्या दिवशी त्यांच्यावर जरा भाळला, कारण नंतर कितीतरी दिवस तो "तो ट्रॅक्टर काय होता यार" असं मध्येच म्हणायचा.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची तपासणी. बोटाएवढ्या जाडीची लांब, लवचीक नळी, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. आत जाताना फारसं कुणी बघत नाही. नळी वळणं घेत घेत आतड्याच्या पार टोकाला, अपेंडिक्सपाशी पोचवायची, एवढंच काम. बघायचं असतं ते बाहेर येताना. आतड्याच्या भिंतीला घड्या असतात, पडद्याच्या चुण्यांसारख्या. त्यांच्या मागं कुठं कुठं पॉलिप लपलेले असतात. पॉलिप म्हणजे अस्तरावर आलेला छोटासा कोंब. बहुतेक निरुपद्रवी. पण एखादा वर्षानुवर्षं तसाच राहिला तर त्याचा कॅन्सर होतो. वेळेत दिसला तर तिथल्या तिथं तारेच्या फासानं काढून टाकता येतो, आणि माणसाला कळतही नाही की आपल्या आयुष्यातून काय टळलं.

म्हणून बाहेर यायला किमान किती वेळ घ्यायचा हे ठरलेलं आहे. फार भरभर बाहेर आलं तर कमी पॉलिप सापडतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत. ठरलेली वेळ सगळेच पाळायचे. सर मात्र त्या वेळेच्या पलीकडं कुठंतरी राहायला गेले होते.

खोलीतले दिवे मंद असायचे. पेशंट औषधानं गुंगीत, कुशीवर. पडद्यावर ओला, गुलाबी बोगदा आणि त्यात चांदीसारखी चमकणारी पाण्याची रेघ. टोकाला पोचेपर्यंत सर कुणाशी बोलायचे नाहीत. पोचले की मोठा श्वास सोडायचे, खांदे खाली टाकायचे आणि गुणगुणायला लागायचे. चाल अशी नसायचीच त्याला. मग एकेक घडी उलगडणं. पाणी मारायचं, ओढून घ्यायचं, मला पेशंटला जरा कलवायला सांगायचं, बाहेर घेतलेली नळी पुन्हा आत. प्रकाशाचं बटण दाबलं की पडद्यावरचा सगळा देखावा निळसर हिरवा व्हायचा, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर बर्फ पडतंय की ऊन आहे याचा पत्ता नसायचा. मी कितीतरी वेळा तिथं उभ्या उभ्या माझं नाशिक फिरून आले असेन.

"काय दिसतं सर तुम्हाला एवढं?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही दिसून राहिलं. म्हणूनच तर थांबलो."

एक निवृत्त शाळामास्तरीण होती. मी मनात पुढच्या पेशंटची तयारी करायला लागले होते, कारण पडद्यावर सगळं स्वच्छ होतं. सर म्हणाले, "ताई, जरा मागं जाऊ." एका घडीवर चिकट पिवळट थर होता, असा तर सगळ्यांनाच असतो. त्यांनी तो पाण्यानं धुतला. खाली काहीच नाही. पुन्हा धुतला. तेव्हा दिसलं. भिंतीच्याच रंगाचं, भिंतीलाच चिकटलेलं, दुधाच्या भांड्याला साय वाळून बसावी तसं. मी रोज हेच काम करते आणि मला ते दाखवूनही क्षणभर दिसलं नव्हतं. सरांनी ते काढलं आणि पुन्हा गुणगुणायला लागले.

क्लिनिकमध्ये त्यांच्या संथपणाच्या कथा होत्या. कुणी म्हणे त्यांचा भाऊ असाच गेला, तपासणीत सुटून. कुणी म्हणे जुनी कोर्टकेस आहे. रिसेप्शनवरच्या मुलीचं मत, त्यांना घरी जायला आवडत नाही. मी शेवटी विचारूनच टाकलं. तर हसले. "काहीच नाही झालं ताई. काहीतरी व्हायलाच पाहिजे का? मला पाहायला आवडते."

पण पाहायला आवडणाऱ्या माणसाच्या मागं रांग लांबते, त्याला काय करायचं? आमच्या मॅनेजरबाई काही वाईट नव्हत्या. बर्फ पडलं की सगळ्यात आधी येऊन फावड्यानं पायऱ्या शोव्हल करणारी बाई ती. त्यांनी सरांना स्टाफरूममध्ये बसवून सांगितलं, माझ्यासमोरच. "डॉक्टर, तुम्ही जास्त पॉलिप शोधता. आय नो. पण बाहेर महिनोन्‌महिने लोक वाट बघतायत. जो माणूस या खोलीत अजून आलेलाच नाही, त्याचे कोण शोधणार?" दुसरे तरुण डॉक्टर सरांच्या जवळजवळ दुप्पट लोक बघतात, तेही नियमात राहून. क्लिनिकच्या मालकांचा निरोप होता की सरांनी तेवढे तरी बघावेत, नाहीतर त्यांची खोली दुसऱ्याला द्यावी लागेल.

मला वाटलं होतं सर वाद घालतील. ते कॉफीच्या कपाकडं बघत बसले आणि म्हणाले, "यू आर राइट. दे आर वेटिंग." त्या दिवशी ते कुणाशी न बोलता, चक्क पटकन घरी गेले.

त्या खोलीशिवाय सरांचं काय होईल, हे आम्हाला कळत होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये एक टीव्ही आणि खूपसे बूट.

मग तो आठवडा आला. सोमवारपासून सर बदलले. गुणगुणणं बंद. टोकाला पोचले की खांदे तसेच वर, आणि नळी ठरलेल्या वेळात बाहेर. नियमापेक्षा एक क्षणही आधी नाही, बोट ठेवायला जागा नाही. हात तर त्यांचा असा सुरेख चालायचा की बघत राहावं. यादी दुपारीच संपायला लागली. मॅनेजरबाईंनी डोनट आणले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी डोनट घेतला आणि तसाच नॅपकिनवर ठेवून गेले.

त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याची तपासणी होती, सरांकडंच.

माझा नवरा घरं गरम ठेवणाऱ्या फर्नेस दुरुस्त करतो. बंद पडल्याशिवाय कुणी बोलावत नाही, हे त्याचं धंद्याचं तत्त्व, आणि ते तो स्वतःच्या शरीरालाही लावायचा. पण माझे सासरे आतड्याच्या कॅन्सरनं गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि आम्ही नाशिकला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. नवरा तेव्हा रडला नाही. अजूनपर्यंत रडला नव्हता. फक्त पोटात जरा दुखलं की गप्प व्हायचा आणि बेसमेंटमध्ये जाऊन काहीतरी खटपट करत बसायचा. वडिलांना होतं म्हटल्यावर त्याची तपासणी लवकर करायलाच हवी होती. ती मी वर्षभर भांडून मिळवली होती.

रिपोर्ट आला, नॉर्मल. त्यानं त्या रात्री तीन वेळा भात घेतला. मी मनातल्या मनात हात जोडले.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सर. मी "या या" म्हणत बाजूला झाले तर ते आत येईनात. पायऱ्यांवरच उभे, टोपीवर बर्फ.

"भाऊ आहेत का?"

नवरा आला. सर त्याच्याकडं न बघता म्हणाले, "भाऊ, तुमची तपासणी परत करावी लागते."

"का? काही निघालं?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही, नाही. काही नाही निघालं."

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मी नीट नाही पाहिलं." सरांचा आवाज एवढासा झाला होता. "नियमानं पाहिलं. पण माझं लक्ष घड्याळाकडं होतं. तुमच्या वडिलांचं माहीत असून. मला झोप नाही येऊन राहिली भाऊ."

नवरा भडकला. मी त्याला इतकं चिडलेलं फारसं पाहिलेलं नाही. म्हणाला, "अहो, चार दिवस मी माणसासारखा जेवतोय, ते पण बघवेना का तुम्हाला?" आणि दार लावून घेतलं. काचेतून मला सर दिसत होते. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग सांभाळून, कठड्याला धरून पायऱ्या उतरले.

सोमवारी कळलं की त्यांनी त्या आठवड्यातल्या सगळ्यांनाच फोन केले होते. असं कुणी करतं का? चूक झालेली नसताना? लोक हसले. कुणी म्हणालं, पोट साफ करायचं ते खारट पाणी परत प्यायचं? नो वे. दोघातिघांनी क्लिनिककडं तक्रार केली, एकानं वकिलाचं नाव काढलं. मॅनेजरबाई दिवसभर फोनवर माफी मागत होत्या. संध्याकाळी मालकांचा निर्णय आला. या महिन्याअखेर सरांची खोली दुसऱ्याला. जे पेशंट परत यायला तयार असतील त्यांना सरांनी बघावं, पण जेवणाच्या सुट्टीत, रांगेतल्या कुणाची वेळ न घेता. हे शेवटचं मॅनेजरबाईंनी भांडून मिळवलेलं होतं, ते मला नंतर समजलं.

सर एवढंच म्हणाले, "जेवणाची सुट्टी चांगली मोठी असते."

मला त्यांचा राग आला होता, हे सरळ सांगते. माझ्या घरात आलेली झोप त्यांनी परत नेली होती. पण त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण मला ती साय आठवत होती. मी नवऱ्याला म्हटलं, "तू जा." तो नाही म्हणाला. मी रोज म्हणत राहिले. तो परत बेसमेंटमध्ये जाऊन खटपट करायला लागला, तेव्हा मला कळलं की जोराजोरात दार लावून घेणाऱ्या माणसाचाही त्या रिपोर्टवरचा विश्वास उडालेला आहे. शेवटी एका संध्याकाळी तो वर आला आणि म्हणाला, "आण ते पाणी."

मोठं भांडं भरून ते लिंबाच्या वासाचं खारट पाणी, आणि तोंड वाकडं करून पिणारा तो. मुलगी जिन्यात बसून बघत होती. "बाबा, जस्ट चग इट, एका दमात," ती म्हणाली. तो म्हणाला, "तू चग कर." मग वॉशरूमच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि आम्ही दोघी बाहेरून त्याला चिडवत राहिलो. हसत होतो खरं, पण मुलीनं माझा हात घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत क्लिनिक शांत होतं. मदतीला दुसरी नर्स होती, तिनं स्वतःचा डबा बाजूला ठेवला होता. मला नवऱ्याच्या उशाशी स्टूल मिळालं. औषध चढलं तसा त्याचा हात माझ्या हातात जड झाला. दिवे मंद झाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माणूस आतून कधी पाहिला नव्हता. सर टोकाला पोचले. मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. आणि किती दिवसांनी ते बिनचालीचं गुणगुणणं ऐकू आलं.

मग सगळं संथ झालं. एकेक घडी उलगडत होती, मिटत होती. पाण्याचा झोत यायचा, थेंब चमकून विरायचे. गुलाबी, मग निळसर, मग पुन्हा गुलाबी. मला वाटलं आपण कुठल्यातरी निर्मनुष्य ठिकाणी हळूहळू चालतोय, आणि पुढं चालणारा माणूस प्रत्येक दगडामागं वाकून बघतोय. एका ठिकाणी ते थांबले. गुणगुणणं थांबलं. त्यांनी पाणी मारलं, वाट पाहिली, परत मारलं. नवऱ्याला किंचित कलवायला लावलं. एक बुडबुडा होता. तो फुटला. ते पुढं निघाले. असं किती वेळा झालं कोण जाणे. मध्येच दार किलकिलं झालं, मॅनेजरबाईंनी आत डोकावून बघितलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

नळी बाहेर आली. दिवे लागले. सरांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा एखाद्या लहान मुलासारखा मोकळा झाला होता. नवऱ्यानं डोळे किलकिले केले.

"काय?"

"काही नाही भाऊ," सर म्हणाले.

नवरा गुंगीत हसला. "ते तर मागच्या वेळी पण म्हणाला होतात."

"मागच्या वेळी मला दिसलं नव्हतं," सर म्हणाले. "या वेळी मी पाहिलं. आणि नाही आहे."

नवऱ्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि "बाबा" म्हणून रडायला लागला. मोठ्यानं. सर हातमोजे काढून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बाहेर सुट्टी संपली होती, पुढचा पेशंट येऊन बसला होता, आणि दुसरी नर्स दारात घुटमळत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं नाही. नवऱ्याचं रडणं संपेपर्यंत ते तिथंच होते.